घडशी बाईंचा लाल वर्ग

दिवाळी अंकांना अनुभव हवे असतात ते डॉक्टरांचे, पोलिसांचे, फार तर वकिलांचे. तिथे कुणीतरी मरतं, नाहीतर पकडलं जातं. माझ्या धंद्यात तसं काही होत नाही. मुलं न समजता पास होतात आणि त्यांचे आईबाप पेढे वाटतात, एवढंच. तरी संपादकांनी फोन करून गळ घातली, "मॅडम, शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर लिहा, सध्या तोच विषय आहे. फक्त जरा आशादायक होईल असं बघा." आशादायक लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना व्याख्यानाची आमंत्रणंही येतात. मी आपलं जे पाहिलं ते लिहिते.

रत्नागिरीत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. शिकवता शिकवता एक नसता उद्योग मागे लावून घेतला. मुलांना भौतिकशास्त्र कळत का नाही, यावर मी संशोधन केलं. हे ऐकून लोक हसतात. "अहो, अभ्यास करत नाहीत म्हणून कळत नाही, त्यात संशोधन कसलं?" असं आमचे विभागप्रमुख मला सगळ्यांदेखत म्हणाले होते. भौतिकशास्त्रवाल्यांच्या मते मी शिक्षणशास्त्रात गेले होते, आणि बी.एड.वाल्यांच्या मते मी आगाऊपणा करून त्यांच्या अंगणात शिरले होते. दोन्हीकडच्यांनी माझा एकही निबंध वाचलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या मतात कधी फरक पडला नाही.

हा धंदा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धडा शिकवण्याआधी मुलांना एक साधा प्रश्न विचारायचा, आकडेमोड नसलेला. चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला पोचला, क्षणभर थांबला. त्या क्षणी त्याच्यावर काही बल आहे का? बी.एस्सी.ची कितीतरी मुलं सांगतात, "नाही. थांबलाय ना तो." याच मुलांनी गुरुत्वाकर्षणाची गणितं पानंच्या पानं सोडवलेली असतात. आता ती असं का म्हणतात हे गोडीगुलाबीने काढून घ्यायचं, त्या समजुतीला धक्का बसेल असा प्रयोग शोधायचा, तो करायचा, मुलांना आपापसांत भांडू द्यायचं आणि मग पुन्हा विचारायचं. या सगळ्यात मला उपयोगाची असतात ती चुकीची उत्तरं. बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं, त्यात बघण्यासारखं काही नाही. चुकीचं उत्तर ज्याचं त्याचं असतं आणि ते कुठून तरी आलेलं असतं. ते कुठून आलं हे कळलं की शिकवता येतं. एवढी साधी गोष्ट समजायला माझी बरीच वर्षं गेली, आणि समजावून सांगण्यात उरलेली गेली. कुणाला पटली असं म्हणवत नाही.

मग तंत्रज्ञान आलं. ते येण्याआधी त्याचे फलक आले. मी तंत्रज्ञानाच्या विरुद्ध नाही. प्रयोगशाळेत पहिला संगणक मीच भांडून आणला आणि लंबकाचा झोका मोजायला तो जोडलाही मीच. पण जिल्ह्यातल्या शाळांच्या पाहणीला मला पाठवायचे, तिथे जे आलं ते पाहिल्यावर मला वाटायला लागलं की फळा शोधून काढणारा माणूस या सगळ्यांपेक्षा शहाणा होता. एका शाळेत भिंतीवरचा मोठा डिजिटल पडदा बसवायला माणसं आली. भिंतीत खिळे कुठे बसतील हे बघता बघता त्यांनी तो वर्गातल्या एकुलत्या एक फळ्यावरच ठोकला. पावसाळ्यात गावातली वीज दिवसदिवस गायब. म्हणजे पडदा बंद आणि फळा त्याच्या मागे. मास्तर खडू हातात घेऊन दारावर लिहीत होते. दाराचा रंग हिरवा होता म्हणून निभावलं. मी अहवालात हे लिहिलं, तर वरून शेरा आला की दाराचा कल्पक वापर कौतुकास्पद आहे.

दुसरी गंमत स्थिर विजेची. फुगा लोकरीवर घासा, तो भिंतीला चिकटतो, असा सुंदर व्हिडिओ पडद्यावरचे पाठ पुरवणाऱ्या कंपनीने दिला होता. हा पाठ नेमका जुलैत यायचा. जुलैतली रत्नागिरीची हवा ज्याने अनुभवली आहे त्याला सांगायला नको. मीठ डब्यात पाझरतं, चपलांना बुरशी येते. त्या हवेत फुग्यावर प्रभार टिकतो कुठला? फुगा भिंतीवरून घसरून खाली यायचा. मुलं काय म्हणाली असतील? "मॅडम, आपला फुगा खराब आहे." पडद्यावर चिकटला म्हणजे चिकटतो, आणि आपल्या डोळ्यांदेखत पडला तो आपला दोष. मी कंपनीला कळवलं की हवा दमट असेल तर प्रयोग का होत नाही यावर दोन वाक्यं घाला, फुगा पडण्यातच खरा धडा आहे. उत्तर आलं की हवामान हा घटक भूगोलात घेतलेला आहे.

आणि मग रिमोट आले. प्रत्येक मुलाच्या हातात चार बटणांचं एक लहानसं यंत्र. पडद्यावर प्रश्न येतो, मुलांनी बटण दाबायचं, कुणाला कळलं आणि कुणाला नाही ते लगेच दिसतं. खरं सांगते, ही वस्तू पाहून मी हरखले होते. हात वर करायला लाजणारी मुलगीसुद्धा आता आपलं मत देणार. आमच्या कॉलेजात मी ते मोठ्या हौसेने सुरू केले. गौरी-गणपतीच्या दिवसांत एका सकाळी वर्गात शिरले, तर बाकं निम्म्याहून जास्त रिकामी. घरोघर मुंबईकर आलेले, कॉलेजात कोण येतो? पण प्रश्न टाकला तर पडद्यावर वर्ग भरलेला. शेवटच्या बाकावर एक सज्जन कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि एकेक रिमोट बाहेर काढून प्रामाणिकपणे दाबत होता. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी दाबलीत, तुमचं संशोधन बिघडू नये म्हणून." त्या महिन्यात कंपनीने उत्कृष्ट उपस्थितीबद्दल आमचं अभिनंदन केलं.

निवृत्तीनंतर मी गप्प घरी बसायला हवं होतं. पण जिल्ह्यातल्या शाळांना हेच रिमोट देण्याची योजना आली आणि तिच्या मूल्यमापनासाठी तज्ज्ञ म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं. रिमोटच्या कंपनीचा मिहिर नावाचा एक तरुण समन्वयक पुण्याहून यायचा. वागायला चांगला, नम्र, दाढी कोरलेली, बोलताना सारखा हात हलवणारा. त्याच्या लॅपटॉपवर प्रत्येक शाळेचा प्रत्येक वर्ग एक चौकोन होऊन दिसायचा. प्रश्नाला पहिल्याच दमात बहुतेक मुलांनी बरोबर उत्तर दिलं की चौकोन हिरवा. नाही दिलं की लाल. मी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं की हे उलटं आहे, शिकवायच्या आधीच सगळं हिरवं असेल तर शिकवायचं काय? तो हसून म्हणाला, "मॅम, डेटा खोटं बोलत नाही."

डेटा कसा खोटं बोलत नाही ते महामार्गावरच्या एका मोठ्या शाळेत दिसलं. तिथले विज्ञानाचे सर सगळ्या जिल्ह्यात हिरवे. मी मागे बसून पाहत होते. पडद्यावर प्रश्न आला, सरांनी चष्मा काढून पुसला, आणि सगळ्या वर्गाने एकमुखाने 'अ' दाबला. पुढच्या प्रश्नाला कान खाजवला, सगळ्यांनी 'क'. मला वाटलं, वा, काय शिस्त आहे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वर्गच्या वर्ग 'ब'वर गेला आणि तो साफ चुकीचा होता. पडदा लालभडक. सर मुलांवर ओरडले, "'ब' कुठून आणलात रे?" पहिल्या बाकावरचा मुलगा कळवळून म्हणाला, "सर, तुमीच नाक पुसलात ना." सरांना त्या दिवशी पडसं झालं होतं. मिहिरने त्याची नोंद 'नेटवर्कमधील अडथळा' अशी केली.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या घडशी बाईंकडे येते.

गुहागरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, एका संस्थेची माध्यमिक शाळा आहे. मिहिरच्या लॅपटॉपवर तिथला नववीचा चौकोन कायम लाल, इतका की त्याने मला विचारलं, "मॅम, इथे शिकवतात तरी का?" म्हणून आम्ही दोघं जयगडहून फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे तवसाळला उतरलो आणि शाळेत गेलो. मुख्याध्यापक शिगवण सर दारातच उभे होते. बिचारे आधीच ओशाळलेले. "काय सांगू मॅडम, बाई कामाला चांगल्या आहेत हो. पण लाल येतं. कितीदा सांगितलं, पोरांना आधी उत्तर सांगा नि मग दाबायला लावा. ऐकतच नाहीत."

घडशी बाई शिक्षणसेवक होत्या. म्हणजे तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षं राबायचं आणि काम समाधानकारक असेल तर मग कायम व्हायचं. बाई मूळच्या संगमेश्वर तालुक्यातल्या. घरात म्हातारी आई, गावात भाड्याची खोली, आणि नोकरीसाठी लागणारी वयाची अट ओलांडायला आलेली. इथून निघाल्या असत्या तर दुसऱ्या शाळेने उभंही केलं नसतं. दिसायला किरकोळ, आवाज मोठा, आणि स्वभाव असा हट्टी की मुख्याध्यापकांना समोर पाहूनही हातातलं काम न सोडणाऱ्या. आम्ही गेलो तेव्हा त्या टेबलावर वायरी सोलत होत्या.

प्रश्न होता दिव्यांचा. एक बॅटरी, तिला एकापुढे एक असे दोन सारखे बल्ब एकाच वायरीत जोडलेत. कुठला जास्त पेटेल? पहिला, दुसरा, की दोन्ही सारखे? उत्तर आहे दोन्ही सारखे, कारण त्या एकाच वायरीतून वाहणारी वीज सगळीकडे तेवढीच असते. पहिला बल्ब ती खाऊन संपवत नाही. जवळपास सगळ्या वर्गाने दाबलं, 'पहिला'. पडदा लाल. मिहिरने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

बाईंनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "का रे, पहिला का?" एक मुलगा उभा राहिला. "बाई, आमचं घर वाडीत शेवटाला हाय. संध्याकाळचं बगा येऊन, बलब नुसता पिवळा. देवळाजवळच्यांचा कसा लख पेटतो. पयल्यांनी घेतल्यावर आमाला काय ऱ्हातंय?"

मी कित्येक वर्षं हा प्रश्न विचारत आले होते. मुलं 'पहिला' म्हणतात हे मला ठाऊक होतं, त्यावर मी लिहिलंही होतं. पण एखादं मूल आपल्या घरचा मंद दिवा पुरावा म्हणून पुढे ठेवतं हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मुलगा खोटं बोलत नव्हता. वाडीच्या टोकाचा दिवा मंदच असतो. फक्त त्याचं कारण वेगळं आहे. वाडीतली घरं एकापुढे एक जोडलेली नसतात, ती शेजारी शेजारी जोडलेली असतात, आणि टोकापर्यंत जाणारी लांबच लांब बारीक तार स्वतःच विजेचा जोर खाते.

बाईंनी हे काही सांगितलं नाही. त्यांनी बॅटरी आणि दोन बल्ब जोडले. दोन्ही सारखेच पेटले. मुलांनी मान्य केलं नाही. एक मुलगी म्हणाली, बल्बच वेगळे असतील. बाईंनी बल्बांची अदलाबदल केली. मग बॅटरी उलटी लावली आणि विचारलं, "आता पहिला कुठला गो?" वर्गात जी काही जुंपली, ती मी कॉलेजच्या वर्गात कधी पाहिली नाही. त्यानंतर बाईंनी जळक्या हीटरची बारीक तार आणली, दोन्ही बल्ब वाडीसारखे शेजारी शेजारी जोडले, मधे ती तार घातली, आणि लांबचा बल्ब खरंच पिवळा पडला. तो मुलगा जागेवरून ओरडला, "ही आमची वाडी!" तोपर्यंत पुढच्या तासाच्या गणिताच्या मास्तरांनी दोनदा डोकावून पाहिलं होतं. कंपनीच्या आराखड्यात या सगळ्याला सात मिनिटं होती.

परतताना फेरीबोटीवर मी मिहिरला म्हटलं, "जिल्ह्यातला सगळ्यात चांगला वर्ग आपण आत्ता पाहिला." तो म्हणाला, "मॅम, पण हे डॅशबोर्डवर कुठे दाखवायचं?" त्याचीही चूक नव्हती. त्याला साहेबाला रंग दाखवायचे होते. मी माझ्या परीने लांबलचक टिपण लिहिलं. ते कुणी वाचलं असल्याची खूण मला आजवर मिळालेली नाही.

पुढच्या वर्षी बाईंची तीन वर्षं भरत आली. संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी बी.एड. होऊन घरी बसलेली होती, आणि ही गोष्ट गावातल्या म्हशींनाही ठाऊक होती. बाईंना काढायला कारण हवं होतं, ते लॅपटॉपवर आयतं लाल रंगात तयार होतं. शिगवण सरांनी मला फोन केला. "मॅडम, अध्यक्ष म्हणतात शेवटची तपासणी समितीसमोर करू. हिरवं आलं तर कायम, लाल आलं तर नाही. बाईंना तुम्ही तरी सांगा. एक दिवस उत्तरं सांगितली तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी नाही सांगणार, मॅडम. मग ती मुलं परत कधी मला खरं सांगायची नाहीत." मी त्यांना हट्टी, मूर्ख, काय वाटेल ते म्हटलं. फोन ठेवल्यावर मला त्यांचा हेवा वाटला.

तपासणीच्या दिवशी नवीन नववी होती. अध्यक्ष पुढच्या खुर्चीवर, पांढऱ्या कपड्यात. मिहिर लॅपटॉप घेऊन. मी मागे. शिगवण सर दारात, घाम पुसत. मिहिरने धडा निवडला तो नेमका विजेचाच, आणि पहिला प्रश्न तोच आला, दोन दिव्यांचा. बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ना चष्मा पुसला, ना कान खाजवला. त्या फक्त मुलांकडे बघत होत्या.

मुलांनी बटणं दाबली. पडदा हिरवा. सगळ्याच्या सगळ्या वर्गाचं उत्तर 'दोन्ही सारखे'. पुढचा प्रश्न, हिरवा. त्याच्या पुढचा, हिरवा. मिहिर आनंदाने उभाच राहिला. अध्यक्षांनी आधी लॅपटॉपकडे आणि मग शिगवण सरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच काही घात केला. पण सगळ्यांसमोर काय करणार? ते चार शब्द बोलले. आधुनिक युग, ग्रामीण गुणवत्ता, संस्थेचं स्वप्न. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता.

मंडळी अध्यक्षांच्या घरी सुरमई खायला निघाली. मी म्हटलं मला भूक नाही, मी संध्याकाळच्या एसटीने जाईन. पडवीत नळावर सानिका नावाची एक मुलगी बाटली भरत होती. तिला विचारलं, "तू काय दाबलंस गं?"

"दोन्ही सारखे पेटतात, तेच."

"का बरं सारखे?"

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बरोबर हाय ना पण?"

"बरोबर आहे. पण तुला स्वतःला काय वाटतं?"

तिने आधी फाटकाकडे पाहिलं. "ते गेलं?"

"गेले जेवायला."

"पयला जास्त पेटनार," ती हळूच म्हणाली. "आमाला सगळ्यांनाच तसं वाटतंय. पण लाल आलं तर बाईंना काढनार हायत. दादा दहावीत हाय, त्याने नि त्याच्या वर्गातल्यांनी आमच्याकडनं सगळ्या धड्यांची उत्तरं पाठ करून घेतली. बाईंना सांगू नका हां. त्या रागावतील."

मला त्या पडवीत रडू आलं आणि रागही आला. मुलांचा नाही. ज्यांनी नववीतल्या पोरांवर ही वेळ आणली त्यांचा. खरं बोललं तर आपल्या बाई जातात, एवढं भौतिकशास्त्र या व्यवस्थेने त्यांना पक्कं शिकवलं होतं.

प्रयोगशाळा म्हणवणाऱ्या अंधाऱ्या खोलीत बाई एकट्या उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मॅडम, आज माझ्या वर्गात एकही मूल खरं बोललं नाही. पहिल्या प्रश्नालाच कळलं मला. दहावीच्या कारट्यांचं काम आहे हे." आणि वर, "तुमच्या अहवालात लिहा. ही तपासणी धरू नका म्हणावं. असल्या हिरव्यावर मला कायम व्हायचं नाही."

माझं डोकं सणकलं. "बाई," मी म्हटलं, "या जिल्ह्यात खोट्या हिरव्यावर बढत्या घेऊन लोक निवृत्त झाले, त्यांच्यापैकी एकाला झोप कमी आली नाही. आणि तुम्हाला आज सत्याचा पुळका आलाय? तुम्ही गेलात तर उद्या या वर्गासमोर कोण उभं राहील ते गावाला ठाऊक आहे. ती उत्तरं सांगूनच दाबायला लावणार. मुलांनी त्यांच्या अकलेने तुम्हाला ठेवून घेतलंय. खरं बोलायचं तर आधी नोकरी हवी. कायम व्हा आणि मग जन्मभर बोला."

घंटा झाली. पुढचा तासही त्यांचाच होता. त्या वायरींचा डबा उचलून वर्गात गेल्या आणि मी त्यांच्या मागे. त्यांनी रिमोटची पेटी बंद करून कोपऱ्यात ठेवली.

"दिवे," बाई म्हणाल्या. "एकापुढे एक. हात वर करून सांगा. आणि मी रागावलेली नाही."

मुलांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. गाड्या नव्हत्या. मग सानिकाने हात वर केला, 'पहिला'. मग तिच्या शेजारणीने. मग सगळा वर्ग. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, खाकरल्या, आणि म्हणाल्या, "बरं. का रे, पहिला का?"

अहवालावर मी सही केली. वर्ग समाधानकारक, शिक्षिका उत्तम, असं स्वच्छ लिहिलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. त्या हिरव्या पडद्यासमोरच्या मुलांचा फोटो कंपनीने आपल्या माहितीपत्रकावर छापला आणि योजना आणखी शाळांमध्ये गेली. तेवढं मात्र मला अजून खुपतं. त्या पोरांनी एका माणसासाठी केलेली गोष्ट यांनी यंत्राच्या नावावर खपवली.

बाई कायम झाल्या. त्यानंतर वर्षभराने मिहिरचा फोन आला, फार काळजीत होता. "मॅम, गुहागरकडची ती आपली शाळा आठवते? शंभर टक्के हिरवी? आता परत सगळी लाल झालीय. रोज लाल. तिथे नेमकं काय झालं असेल?"

"काय होणार?" मी म्हटलं. "बाई कायम झाल्या."

"हां," तो सुस्कारा टाकून म्हणाला, "हेच होतं मॅम. कायम झाले की लोक शिकवणं सोडतात."